वरच्या खोलीपर्यंत तार

वन्सं: वहिनी, दुकान उघडं टाकून तू टेबलाखाली काय करतेस? सुई पडली का?

वहिनी: सुई नाही हो वन्सं, तार खोचतेय. आलाच आहात तर ते टोक धरा. ओढू नका मात्र!

वन्सं: जन्मभर वॉर्डात सलाइनच्या नळ्या सांभाळल्या मी. मला नको शिकवूस. पण ही जाते कुठे?

वहिनी: जिन्यावरून वर. तुमच्या दादाच्या खोलीत.

वन्सं: दादाच्या? मी आत्ताच जाऊन आले. भिंतीकडे तोंड करून पडलाय. 'कसा आहेस' म्हटलं तर म्हणाला, 'आहे.'

वहिनी: बघा, तुम्हाला एक शब्द तरी मिळाला! पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून मला तेवढाही धड मिळत नाही. डॉक्टर म्हणतात, उठून बसा, फक्त जिना नको. आणि ह्यांचं एकच, 'कापायच्या टेबलाशी उभं राहता येत नाही, तर उठून करू काय?'

वन्सं: आणि तू इकडे रोज कॉम्प्युटरच्या क्लासला.

वहिनी: म्हणूनच तर गेले! हे बेतणार, मी शिवणार, असं चाललं आमचं दुकान. आता बेतायचं डोकं वर पडलंय आणि शिवायचे हात खाली. म्हटलं, डोकं खाली येत नसेल तर टेबलच वर नेऊ.

वन्सं: आणि जमतं तुला? या वयात?

वहिनी: पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, 'हे वाक्य इथून कापा आणि तिथे चिकटवा.' मी विचारलं, 'आधी माप घ्यायचं नाही का?' अख्खा वर्ग खो खो हसला. पण बाई म्हणाल्या, 'घाबरू नका, इथे चुकीचं कापलं तरी पुन्हा होतं तसं करता येतं.' वन्सं, मला तर रडूच फुटलं. आयुष्यभर एकच धाक, कात्री चुकली की कापड गेलं. आणि इथे एक कळ दाबली की सगळं जागच्या जागी!

वन्सं: अशी कळ माणसांना का नसते गं? माझी निम्मी भांडणं वाचली असती.

वहिनी: निम्मीच?

वन्सं: गप्प बस. आणि ते एआय का काय ते? शेजारचे म्हणतात, त्याला सगळं ओळखता येतं.

वहिनी: सगळं कुठलं! वर्गात आम्ही त्याला बटणं ओळखायला शिकवलं. ढीगभर बटणांचे फोटो दाखवले. मग गंमत म्हणून मी तुमचा पाठमोरा फोटो पुढे केला. म्हणालं, बटण.

वन्सं: माझ्या अंबाड्याला बटण म्हणालं? मेलं!

वहिनी: त्याचा काय दोष? जन्माला आल्यापासून बटणंच पाहिलेली त्यानं. नवीन काही दिसलं की गप्प बसायचं सोडून छातीठोकपणे ठोकून देतं. मग बाईंनी अंबाड्यांचे फोटोही दाखवायला लावले. आता नीट ओळखतं.

वन्सं: म्हणजे वर्गभर माझा अंबाडा फिरला.

वहिनी: गाजला म्हणा! हं, बसलं टोक. आता हाक मारायची.

वन्सं: कुणाला?

वहिनी: वरच्या कॉम्प्युटरला. इथून हा विचारतो, 'आहेस का?' तिथून त्यानं म्हणायचं, 'आहे.' एवढं जमलं की पुढचं सगळं जमतं... नाही आलं उत्तर.

वन्सं: दादाच्या खोलीतला ना तो? वाण नाही पण गुण लागला.

वहिनी: थांबा, टोक बघू दे. आत आठ रंगीत तारा असतात, ठरलेल्या क्रमानं लावायच्या... बघा! हिरवीच्या जागी निळी.

वन्सं: शिंपीण असून रंग चुकलीस?

वहिनी: चष्म्याशिवाय केलं काल. कापते हे टोक, नवं बसवते. द्या ती पक्कड.

वन्सं: आधी चष्मा लाव.

वहिनी: लावला. हं... आता पुन्हा विचारू. वन्सं! आलं! आलं उत्तर! हे बघा, परत आलं!

वन्सं: नुसत्या चार ओळी आल्या, त्यात... अगं, मला काय गरागरा फिरवतेस! पडेन मी!

वहिनी: माझ्या हातानं झालं हो हे! या हातानं!

वन्सं: बरं बाई, झालं. पण दादाला दाखवायला फोन होता की.

वहिनी: फोनच्या टीचभर पडद्यावर कोटाची बगल दिसते का? आणि दिसली तरी 'तूच बघ' म्हणून ठेवून देतात. इथे माझी आखणी त्यांच्या मोठ्या पडद्यावर दिसेल आणि त्यांच्या हातानं हलेलसुद्धा. हा बघा, कोट. गिऱ्हाइकाचा डावा खांदा उतरता आहे, तसं आखणीवर लिहिलंयही मी. परवा मुलाखतीला घालायचाय त्याला. मी बेतलाय, पण कात्री लावायचा धीर होत नाही. सकाळी त्यांच्या पलंगाशी पडदा, माउस, सगळं मांडून आले. म्हणाले, 'हे भंगार कशाला?'

वन्सं: मग आता?

वहिनी: आता वाट बघायची.

(दोघी पडद्याकडे डोळे लावून बसतात.)

वन्सं: वहिनी, तो बाण हलला. तू हलवलास?

वहिनी: माझे दोन्ही हात मांडीवर आहेत.

वन्सं: अगं, खांद्याकडे चाललाय! रेघ धरली... सुटली गं.

वहिनी: माझीही सुटायची पहिल्या आठवड्यात. बघा, पुन्हा धरली, उतरवली रेघ. बरोबर उतरवली!

वन्सं: आवाज चालू कर, आवाज!

दादा: ...ही बगल कुणी काढली? यात माणूस हात घालणार की बोट?

वहिनी: मी काढली.

दादा: वाटलंच. खांदा मात्र बरोबर हेरलास.

वन्सं: दादा, बसलायस तू? पाठीशी उशी घेतलीस?

दादा: तू गेली नाहीस अजून? घेतलीय उशी. कापड कोणतं गं?

वहिनी: हे बघा, कॅमेऱ्यापुढे धरते. राखाडी, लोकरी.

दादा: जड आहे. बगलेला अर्धं बोट जास्त सोड. हं, खडू घे आणि मी हलवतो तसं आख... झालं. लाव कात्री.

वहिनी: लावली.

दादा: हे सगळं तू जोडलंस?

वहिनी: हो.

दादा: काल ती ठोकाठोक चालली होती...

वहिनी: जिन्याला तार ठोकत होते. झोपमोड झाली म्हणून ओरडलात माझ्यावर.

दादा: मला वाटलं, दुकानाची पाटी उतरवतेयस.

वहिनी: अहो, काहीतरीच काय!

दादा: ...जरा वर येतेस?

वहिनी: आता दिसतेय की मी तुम्हाला.

दादा: दिसतेस. तरी ये.