संपादकाले लिवलेलं दुसरं पत्र

मनकर्णाबाई : तं सांग मॅडम, पेपरवाल्यानं माहं पत्र काऊन नाई छापलं? चांगलं चार पानं लिवलं होतं म्या!

सुनीती : काकू, रागवू नका, पण सुरुवात ऐका. ‘संपादकसाहेबांस साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत.’ अहो, सगळे खुशाल, तर तक्रार कशाची?

मनकर्णाबाई : मायबाई! पत्रात खुशाली नाई लिवाची? माह्या मायनं तं असंच शिकवलं.

सुनीती : पुढे कपाशी, म्हशीचं वगारू, सुनेचं माहेर... बस येते ती थेट तिसऱ्या पानावर. तिथेही आधी बस डेपोच्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार!

मनकर्णाबाई : मंग? संध्याकाळची बस बंद केली त्यानं. आरती ओवाळू का त्याची?

सुनीती : शिव्या दिसल्या की संपादक पत्र बाजूला ठेवतात. तुम्हाला हवंय काय, तेवढं सांगा.

मनकर्णाबाई : बस पायजे, आनखी काय! माही नात काजल सेलूच्या कॉलेजातून येते, तं फाट्यावर उतरा लागते. तिथून सारा जंगलाचा रस्ता. परवा वाघाचे पाय उमटले होते चिखलात. तिचा बाप म्हन्ते, दिवाळीनंतर कॉलेज बंद. पोरगी पोलीस होतो म्हन्ते, अन् हा माहा पोरगा ओमप्रकाश तिले घरी बसवून राह्यला!

सुनीती : मग हेच पहिल्या ओळीत घाला. तिला आणायला कोण जातं?

मनकर्णाबाई : मीच, रोज. पन ते कायले लिवाचं? आपलीच बढाई होते.

सुनीती : बढाई कसली? तेच वाचून लोक थांबतील. ऐका : ‘संध्याकाळची बस बंद झाल्यापासून माझी नात फाट्यावरून जंगलातल्या रस्त्याने चालत येते. मी म्हातारी बाई, रोज तिला आणायला जाते. तिचं शिक्षण थांबू नये, म्हणून ही बस पुन्हा सुरू करावी.’ झालं.

मनकर्णाबाई : एवढंच? ‘लहानांस आशीर्वाद’ तरी टाक ना वं!

सुनीती : अजिबात नाही! खाली नाव, गाव, फोन नंबर.

मनकर्णाबाई : नाव ह्याइचं टाक. मानसाचं नाव पाहून छापतीन.

सुनीती : काका जातात फाट्यावर?

मनकर्णाबाई : ते कुठचे! टीव्हीपुढून हलतीन तवा ना.

सुनीती : मग?

मनकर्णाबाई : ...दे तो पेन इकडं. माहं नाव मीच लिवते.

(आठवड्याने, संध्याकाळी, सुनीतीच्या अंगणात.)

सुनीती : काकू, छापलं! एक शब्द कापला नाही!

मनकर्णाबाई : पाह्यलं ना! दुकानदारानं भिंतीले चिकटवलं. सारं गाव म्हन्ते, मनकर्णाबाई पेपरात आली. छाती भरून आली पाय माही!

सुनीती : आणि बस?

मनकर्णाबाई : डेपोच्या साहेबाचा फोन आलता. पाहतो म्हन्ते. नाई पाह्यलं तं आनखी लिवतो मी, आता येते मले.

सुनीती : पण काकू, काजलची यायची वेळ झाली. तुम्ही इथे कशा?

मनकर्णाबाई : ओमप्रकाशनं सकाळी पेपर वाचला, दोनदा. आता मी निघाली, तं गाडी काढून दारात उभा. म्हन्ते, माय, तू राह्य घरी. दिवाळीनंतरबी मीच आनत जाईन तिले.