तुझ्या दादाचं शून्य

हॅलो?… हं, बोल गं, वहिनीच बोलतेय… आधी ऐक, मी एक ठरवलंय. प्रयोगशाळेत भावनेला जागा नाही. दारावर तशी पाटीच लावणार आहे, मोठ्या अक्षरांत… नाही गं, रडतेय कुठे? सर्दी आहे… होते कुणाकुणाला उन्हाळ्यात.

नाही, जेवणाचा डबा उघडला नाही अजून… अगं, जुना फ्रीझर रिकामा करतोय आज. मुदत संपलेलं सगळं नष्ट करायचं, नियमच आहे… कुणाचा म्हणजे? माझाच. प्रमुख कोण इथे?… तर त्यात एक बाटली निघाली. बोटभर. तुझ्या दादाची.

रक्त गं. म्हणजे रक्तातलं ते पिवळट पाणी… हो, हो… अगं ऐक ना. नवं औषध माणसाच्या रक्तात किती पोचतं ते आम्ही मोजतो, माहितीये ना? पण त्याआधी यंत्राला औषधाचा थेंबही नसलेलं रक्त दाखवावं लागतं. ते आमचं शून्य. तिथून पुढे मोजायचं… आणि असं रक्त सहज मिळतंय होय? जो तो काही ना काही गिळत असतो. तुझा दादा मात्र डोकं दुखलं तरी गोळी घ्यायचा नाही, नुसता घरभर सांगत फिरायचा… तेच ना. इथे आला, सुई बघून आडवा झाला, आणि शुद्धीवर आल्यावर म्हणतो, बघ, कळलंसुद्धा नाही. सुई टोचलीच नव्हती अजून.

हस, हस… मीही हसले होते तेव्हा.

नंतरचं तू पाहिलंसच. उशाशी गोळ्यांचं दुकान… म्हणून तर. हे आजाराच्या आधीचं आहे गं. यात काही म्हणजे काही नाही. कोरं करकरीत.

ठेवून घेऊ? कशी ठेवू?… मला वाटत नाही का? पण दुसऱ्या कुणी असं केलं तर मीच त्याला घरी बसवेन… नाही, कुणालाच माहीत नाही. बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर. तो मला पाठ आहे. नष्ट करायच्या यादीवर सही हवी म्हणून फ्रीझर सांभाळणाऱ्या बाई दाराबाहेर उभ्या आहेत. पेन चालत नाही म्हणून सांगितलंय… खिशात तीन आहेत.

पर्समधून?… आला होता तोही विचार, खोटं कशाला बोलू. पण आणून ठेवू कुठे? आपल्या फ्रीजमध्ये, मटारशेजारी?… तू म्हणतेस ते खरं, पण… थांब. थांब जरा.

काही नाही… बाटली हातात होती. मघापासून. हातमोजा काढून धरली होती… वितळलं गं.

नाही, परत नाही गोठवता येत. असं वितळलं की आमच्या लेखी संपलं… हो. माझ्याच हाताने…

तू नको ना रडू. तू रडलीस की मला… सर्दी आहे म्हटलं ना… कोमट झालीये बाटली. आता कुठे जरा कोमट झालीये.

बरं, ठेवते… या बाई, आत या. हो, मिळालं पेन, करते सही. तेवढं हात पुसायला काहीतरी द्या.