उजव्या बाजूची खोली

मंडळी, आज आधी एक प्रश्न विचारते. उत्तर मोठ्यानं देऊ नका. शेजारी घरचंच माणूस बसलंय, पंचाईत होईल!

ज्याच्यावर आपला फार जीव आहे, त्याला काय हवंय, हे आपल्याला ठाऊक असतं का?

हां! माना हलल्या. सगळ्यांच्या हलल्या. "असं कसं ठाऊक नसेल? चाळीस वर्षं एका घरात राहतोय!" बरोबर आहे. एका घरात चाळीस वर्षं राहिलं की एकच गोष्ट होते – आपण विचारायचं सोडून देतो.

आता आख्यान ऐका. पुराणातलं नाही हो. डोंबिवलीतलं आहे.

डोंबिवलीत वृंदा बांदिवडेकर नावाची एक बाई. वय बावन्न. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. हुशार, नेटकी, शब्दाला पक्की. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आईला सगळे माई म्हणत. वडील – नाना – दोन वर्षांपूर्वी गेलेले. नानांना वृंदानं शब्द दिला होता, "मे महिन्यात आपण तिघं जहाजानं फिरायला जाऊ." मार्चमध्ये बँकेचं काम निघालं, एप्रिलमध्ये नाना गेले. मे आला तेव्हा घरात जहाजाचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

तेव्हापासून वृंदापुढे नानांचा विषय निघाला की ती उठून आत जायची. रागानं नाही हो! बसवायचंच नाही तिला. माईंनी हे पाहिलं, आणि त्यांनी नानांचं नाव घेणं हळूहळू बंद केलं. एकाच माणसाच्या दोन आठवणी, एका घरात, दोन खोल्यांत. मधलं दार लोटलेलं.

मग माईंचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "प्रवास करायचा तर या हिवाळ्यात करा." वृंदाच्या मनानं घेतलं – नानांना न्यायचं राहिलं, माईला नेणारच. आणि साधंसुधं नाही, उत्तमातलं उत्तम!

ती गेली शेट्ये यांच्याकडे. दिनानाथ शेट्ये, प्रवास कंपनीवाले. एका जिन्याखालचं छोटं ऑफिस, भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर दाणे. वृंदानं पिशवीतून तीन रंगीत पुस्तिका काढल्या.

"हे जहाज बघा. बारा मजली. सात दिवस. परदेशातून सुटतं. दोन खोल्या नकोत, एकच, पण बाल्कनीवाली."

शेट्ये काकांनी पुस्तिका उघडल्या नाहीत. म्हणाले, "जहाज राहू दे. आई रात्री किती वेळा उठतात?"

"अं?"

"उठतात ना? संडास किती पावलांवर लागतो? गुडघे कसे आहेत? अनोळखी माणसं समोर जेवायला बसली तर जेवतात, की पान चिवडतात? लिफ्टमध्ये जीव घाबरतो का?"

वृंदा हसली. "काका, तुम्ही तिकीट देताय की मुलगी बघताय?"

"तेच ते!" काका म्हणाले. "स्थळ चुकलं की सात दिवस तोंड बघत बसायचं, आणि मध्येच उतरताही येत नाही."

मंडळी, या माणसाची कामाची रीत बघा. लोक म्हणतात मोठं जहाज द्या. हा म्हणतो, मोठं जहाज म्हणजे लांब चालणं. लोक म्हणतात वरचा मजला द्या. हा म्हणतो, वर डुलतं जास्त, खालचा आणि मधोमधचा घ्या. नाचाच्या हॉलखालची खोली देणार नाही. आणि चारी ठाव जेवण? ते जहाजावर असतंच! सकाळी नाश्ता, अकराला पुन्हा नाश्ता, मग जेवण, मग चहाबरोबर काहीतरी. आपल्या भंडाऱ्याला सुद्धा लाज वाटावी – कुलकर्णी, हसू नका, तुमची तिसरी पंगत पाहिलीय मी.

तर अर्ध्या तासात काकांनी त्या बारा मजली जहाजावरून वृंदाला खाली उतरवलं. म्हणाले, "आईंना झेपेल असं मी सांगतो. मुंबईहून गोव्याकडे. तीन दिवस. भर दुपारी सुटतं, किनारा धरून जातं. डॉक्टर जहाजावर असतो." वृंदाला पटलं.

"आता शेवटचं. खोली कुठल्या बाजूची?"

"म्हणजे?"

"जाताना डाव्या हाताला किनारा दिसतो, उजव्या हाताला उघडा समुद्र आणि सूर्यास्त. ते जरा आईंना विचारून सांगा."

आता ऐका हं. वृंदानं निघतानाच माईंना फोनवर सांगितलं, गोव्याचं जहाज ठरतंय, आणि ती घरी पोचण्याआधीच दुपारी माईंचा फोन शेट्ये काकांना! वहीतून नंबर शोधून, चोरून.

"अहो, मी वृंदाची आई. जहाजावरून भाटखाडी दिसते का हो?"

भाटखाडी म्हणजे नानांचं गाव. मंडळी, नानांच्या अस्थी तिथे, खाडीच्या तोंडाशी सोडल्या होत्या. पुरुष गेले होते. बायका घरी थांबल्या. तशी पद्धत. माईंनी त्रेपन्न वर्षांचा संसार ज्या माणसाशी केला, तो शेवटी कुठल्या पाण्यात गेला, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. वाट कड्यावरून खाली उतरते, आता गुडघे उतरू देत नव्हते. पण समुद्रातून? समुद्रातून कोण अडवणार!

काका म्हणाले, "ताई, गाव असं दिसायचं नाही. डोंगराची सोंड दिसेल, आणि खाडीचं तोंड. जहाज लांबून जातं. संध्याकाळी साधारण सहाला."

"तेवढं पुरे," माई म्हणाल्या. "आणि हे वृंदाला सांगू नका. तिला त्यांचा विषय सोसत नाही."

काकांनी डाव्या बाजूची खोली धरून ठेवली.

आणि दुसऱ्या दिवशी वृंदाचा फोन. "काका, उजवी बाजू द्या. सूर्यास्ताची."

आता काकांनी सांगायचं कसं? दिलेला शब्द जिभेवर बसला होता ना! एवढंच म्हणाले, "आईंना विचारलंत?"

आणि वृंदा म्हणाली – "हो."

विचारलं नव्हतं.

खोटारडी होती का ती? नाही हो! तिला खात्री होती. सूर्यास्त कुणाला नको असतो? तुम्ही-आम्ही दिवसातून दहा वेळा असं 'हो' म्हणतो. "आईला विचारलंस?" हो. "बाबांना चालेल?" चालेल. प्रेमापोटीच म्हणतो. पण ते 'हो' आपलं असतं, त्यांचं नसतं.

काकांना वाटलं, मायलेकींचं बोलणं झालं असेल. डेक तर सगळ्यांनाच मोकळा आहे, माई तिथून बघतील. खोली बदलली.

नोव्हेंबर महिना. जहाज सुटलं. माईंनी मोतिया रंगाची साडी नेसली होती, केसांत शेवंती. वृंदानं शाल आणली होती, दुर्बीण आणली होती, औषधांची डबी आणली होती. काही म्हणजे काही विसरली नव्हती.

साडेपाच झाले. बाल्कनीत दोन खुर्च्या. समोर लालभडक सूर्य पाण्यावर टेकत आलेला. माई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या.

"वृंदा, आपण जरा त्या बाजूला जाऊ या का गं? डेकवर?"

"आत्ता? अगं, सूर्य बुडायला आलाय!"

"नाही, म्हटलं जरा पाय मोकळे..."

"तिकडे काय आहे माई? नुसते डोंगर! ते काय, आपल्याला नेहमीचेच. इकडे बघ ना, बघ कसा दिसतोय!" आणि तिनं प्रेमानं आईच्या खांद्यावर शाल नीट केली. खुर्ची समुद्राकडे वळवून दिली.

माईंनी बघितलं. सूर्य खरंच सुंदर होता. माई म्हणाल्या, "छान आहे हो."

आणि त्यांच्या पाठीमागून, भिंतीपलीकडून, भाटखाडी निघून गेली.

– गणूभाऊ, जरा पेटी थांबवा. पाणी द्या.

येताना? येताना जहाज तिथून पहाटे गेलं, अंधारात.

घरी आल्यावर माईंनी सगळ्यांना सांगितलं, "फार हौसेनं नेलं हो माझ्या मुलीनं." आणि ते खरंच होतं. मार्चमध्ये एके दुपारी, वर्तमानपत्र वाचता वाचता, माई गेल्या.

पाचव्या दिवशी शेट्ये काका समाचाराला आले. चटईवर बसले. मग म्हणाले, "निदान त्यांचं ते दर्शन झालं. मला त्याचं समाधान आहे."

"कसलं दर्शन?" वृंदा म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. आता शब्द पाळून कुणाचं भलं होणार होतं? त्यांनी सगळं सांगितलं. फोन, भाटखाडी, सहाची वेळ, डावी बाजू.

वृंदा ऐकत होती. रडली नाही. एकच म्हणाली, "ती मला म्हणाली होती काका. त्या बाजूला जाऊ या का, असं म्हणाली होती. मी म्हटलं, तिकडे नुसते डोंगर आहेत."

दुसऱ्या दिवशी माईंच्या अस्थी भाटखाडीला न्यायच्या होत्या. नानांचे धाकटे भाऊ, दत्ताकाका, गाडी घेऊन आले. वृंदा गाडीत जाऊन बसली. कुणी अडवलं नाही. कड्यापाशी मात्र दत्ताकाका थांबले.

"वृंदा, तू आता इथंच थांब. बायका खाली येत नाहीत."

"का काका?"

"अगं, पद्धत आहे."

"माईला यायचं होतं का नानांच्या वेळी? कुणी विचारलं होतं?"

पंचाहत्तर वर्षांचा माणूस, हातात कलश. खाली खाडीकडे बघत राहिला. म्हणाला, "विचारायची गरजच पडली नाही. वहिनी स्वतः म्हणाली होती, मी येऊ का. मीच म्हटलं, कशाला, तुला त्रास होईल."

कुणीच वाईट नव्हतं, मंडळी! या गोष्टीत एकही दुष्ट माणूस नाही. दत्ताकाकांनी त्रास वाचवला. शेट्ये काकांनी शब्द पाळला. वृंदानं सूर्यास्त दिला. माईंनी लेकीचं मन जपलं. सगळ्यांनी जपलं! आणि त्या जपण्यात एका बाईला आपल्या नवऱ्याचं शेवटचं पाणी बघायचं राहून गेलं.

दत्ताकाकांनी कलश एका हातात घेतला आणि दुसरा हात पुढे केला. "चल. शेवाळ आहे, हात धर."

वृंदा खाली उतरली. पोटरीभर पाण्यात उभी राहिली. खाडीचं पाणी बाहेर जात होतं, समुद्राचं आत येऊन त्याला भिडत होतं. कलश रिता झाला. आणि मग ती बाई, बँकेत शंभर माणसांना जाब विचारणारी बाई, पाण्याकडे बघून हळूच म्हणाली, "माई, तुला काय बघायचं होतं?"

आणि ती उभी राहिली. उत्तर येईल अशी उभी राहिली. दत्ताकाकांनी दोनदा हाक मारली तरी हलली नाही. भरती पोटरीवरून गुडघ्याच्या वर आली, तेव्हा काकांनी तिला धरून बाहेर आणलं.

आता तुमच्याकडे येते. मघाशी माना हलवल्यात ना? आता नाही हलत. नका हलवू.

तुमच्या घरी कुणीतरी आहे. तुम्ही त्यांच्यासाठी फार करता, मला माहीत आहे. औषध वेळेवर, मऊ भात, खिडकीजवळची गादी. देव ते सगळं बघतो. पण आज घरी गेलात की त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुला काय हवंय?" आणि विचारून उठू नका! म्हातारी माणसं पहिल्यांदा म्हणतात, "मला मेलीला काय हवं असणार?" दुसऱ्यांदा म्हणतात, "तुला आवडेल ते कर." ही दोन्ही उत्तरं त्यांची नसतात, तुमच्या सोयीची असतात. तेवढ्यावर उठाल तर देवळात येऊन काही उपयोग नाही.

तिसऱ्यांदा विचारा, मंडळी. आणि मग गप्प बसा. खरं उत्तर यायला वेळ लागतो. तोवर हरिनाम घ्या – मनातल्या मनात, त्यांचं बोलणं ऐकू येईल इतक्या हळू.