बुंध्यावरची दुसरी खूण

ऐका. शेकोटीजवळ सरका आणि मध्ये प्रश्न विचारू नका. गोष्ट आपल्या ऐनवाडीच्या उताराची आहे.

हिंगमिरे साहेब चौतीस वर्षं जंगलखात्यात. शेवटी रेंजर म्हणून निवृत्त झाले. निरोपाला खात्याने सागवानी चौकटीतलं मानपत्र दिलं. ती चौकट बघून साहेबांना जो राग आला, तो काही उतरला नाही.

एका संध्याकाळी त्यांना फोन आला. सकाळी आठला ऐनवाडीत ग्रामसभा, आणि वरच्या उतारावरची उरलेली जुनी झाडं ठेकेदाराला द्यायचा ठराव. सूचना म्हणे तीन दिवस लावलेली होती. कुठे? शाळेच्या कपाटात, आतल्या बाजूला.

शेवटची एसटी गेलेली. साहेबांनी बॅटरी घेतली, काठी घेतली आणि उतारावरच्या मधल्या वाटेने निघाले. अंधार असा की स्वतःचे पाय दिसेनात. तोंड मात्र चालू.

"रान म्हणजे काय न्हाव्याचं गिऱ्हाईक आहे, खुर्चीत बसवून सफाचट करायला? गर्दी विरळ करा. बी देणारं झाड राखा. उताराला हात लावू नका. संपलं शास्त्र. पण एवढ्याशा शास्त्रात ठेकेदार कुठे बसवणार?"

खालचा उतार पाच वर्षांपूर्वीच साफ केला होता. तिथे आता खात्याने लावलेली अकेशियाची झाडं, कवायतीला उभी केल्यासारखी. पूर्वी साहेब झाडांवरून वाट ओळखत. दोन खोडं फुटलेल्या दुबेळक्याच्या हिरड्यापाशी वळायचं, कललेल्या किंजळापासून चढायचं. आता हे झाड तसं ते झाड.

'हरित ऐनवाडी' अशी पाटी लागली. साहेब पुढे गेले. पुन्हा तीच पाटी. पुन्हा गेले. पुन्हा तीच. चकवा, दुसरं काय. वाट चुकवणारं भूत. साहेब पाटीवर थुंकले. "इथे चुकवायला भूत कशाला हवं? खात्याने सोय केलीच आहे."

तेवढ्यात आवाज आला. ठक. ठक. कुऱ्हाडीचा.

तुम्ही आम्ही काय केलं असतं? उलटे पळालो असतो. हे आवाजाच्या दिशेने पळाले. "कोण रे तिकडे? तोडीचा पास दाखव."

समोर गणू झोरे. साहेबांच्या हाताखालचा वनरक्षक. खाकी कपडे, खांद्यावर घोंगडं. वारून आठ वर्षं झालेली.

"गणू, तू मेलास ना?"

"मेलो की, साहेब. पण बदलीचा हुकूम आला नाही."

त्याच्या मागे दुबेळक्याचा हिरडा उभा. तोडलेला हिरडा, ऐका, पानाफांद्यांसकट उभा. गणूने तोडायच्या झाडावर छाप उठवायचा खुणेचा हातोडा पुढे केला. "वाळलंय, साहेब. खूण करा."

"वाळलंय? पानं हलतायत त्याची."

"कागदावर वाळलंय."

हे वाक्य साहेबांनी नोकरीत फार ऐकलं होतं. एकदा, वरच्यांच्या दबावाखाली, मानलंही होतं. लाजेने मान खाली गेली, आणि सवयीचा हात आपोआप उठला. ठाण. छातीच्या उंचीवर खूण उमटली.

"झालं," गणू म्हणाला. "एक पुरे. पुढे या, साहेब, पुढचं झाड."

साहेब थबकले. खुणा दोन असतात. वरची खूण ओंडक्याबरोबर निघून जाते. खालची, मुळाजवळची, थुटावर राहते. झाड परवानगीने गेलं की चोरीने, हे तीच सांगते. खरा गणू जेवण विसरायचा, पण दुसरी खूण विसरत नव्हता.

"एक पुरे? कुणी शिकवलं तुला हे?" साहेब संतापले आणि खालची खूण करायला वाकले. बुंधा चाचपायला डावा हात पुढे केला.

बुंधा नाही. माती नाही. काहीच नाही. खालून गार वारा.

बॅटरी मारली, तर पावलापुढे कडा. साफ केलेला उतार गेल्या पावसात खचला होता, तो तिथेच. हिरडा नाही, गणू नाही. हातात हातोडा नव्हता, काठी होती. आणि खालून, दरीतून, गणूचाच आवाज, "वाकायची खोड गेली नाही तुमची."

साहेब होते तिथे बसले. उजाडेपर्यंत हलले नाहीत.

आठला ग्रामसभेत हजर. अंगभर चिखल. सरपंच सर्जेराव म्हणाले, "झाडांचं भाषण असेल तर पाच मिनिटं हां, साहेब."

साहेब बोलले. वरची झाडं गेली तर वरचाही उतार सुटेल, खाली पन्नास घरं आहेत, मुळं माती धरतात. लोकांनी जांभया दिल्या. सर्जेरावांनी ठरावाचा कागद पुढे ओढला.

तोडणीचा मुकादम कोपऱ्यातून म्हणाला, "पण साहेब, रात्रभर होतात कुठे?"

साहेबांनी सांगितलं. सभा गार. मुकादम उठून उभा राहिला. "माझा एकही माणूस त्या रानात कुऱ्हाड घेऊन जायचा नाही." सर्जेरावांनी कागदाची घडी घातली आणि नारळ आणायला माणूस धाडला.

झाडं वाचली. साहेब खूश? छे. असे भडकले की चहाला थांबले नाहीत. "चौतीस वर्षं घसा कोरडा केला, एकाने ऐकलं नाही. भुताने एका रात्रीत काम केलं. माझी पेन्शन त्यालाच द्या."

तर त्या वाटेने रात्री जाऊ नका. दिवसा कुऱ्हाड घेऊन तर मुळीच नको. ही गोष्ट पुढे सांगा, आणि मुळांचं, मातीचं बिलकूल काढू नका. साहेबांनी बजावलंय, लोकांना फक्त भूत सांगा.