बरोबर आलाय म्हणजे आपलाच

...नाही, पण मी म्हणते, विचारायला काय जातं? तुम्हीच सांगा! काडेपेटीएवढं कार्ड, ते माझ्या लॅपटॉपच्या मेमरीत सरळ घुसतं, तिथलं वाचतं आणि पुण्यातल्या चार मोठ्या माणसांना दाखवतं... आणि कधी, तर माझी नोकरी कायम करायची की नाही हे ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये! आजच, सकाळी अकराला!

थांबा, नीट सांगते. मी प्रणाली. कोकणातल्या दिघीजवळच्या आमच्या गावात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. काम कर्नलचं. म्हणजे कॉम्प्युटरचा घरकारभार बघणारा सगळ्यात आतला प्रोग्राम असतो ना, त्याचं. आता तुम्हाला वाटत असेल, बाहेरून एखादं उपकरण जोडलं की ते बिचारं प्रोसेसरला विचारतं, 'आत येऊ का?' हॅट! विचारत बसलं तर वेळ जातो, म्हणून कुणीतरी मागेच ठरवून टाकलंय, वेगवान उपकरणांनी सरळ मेमरीत जायचं, हवं ते उचलायचं, हवं ते ठेवायचं. आणि मेमरीत काय असतं? पासवर्ड असतात हो! बँकेचे! कॉलेजात हे कळलं तेव्हा मी तीन दिवस पेनड्राइव्हला हात लावला नव्हता. पेनड्राइव्हचा यात काही दोष नसतो, तरीसुद्धा.

तर माझं काम, अनोळखी उपकरणाला ओटीवर थांबवायचं. मेमरीतला एक कोपरा त्याला द्यायचा, बाबा रे, ही तुझी ओटी, काय आणलंस ते इथे ठेव, आत न्यायचं ते आम्ही नेऊ. माजघरात पाऊल टाकलंस तर पहारेकरी अडवेल! पहारेकरी यंत्रातच बसवलेला असतो, पण कुणाला कुठवर सोडायचं ती यादी त्याला कर्नल देतो, आणि आमच्या कर्नलमधली ती यादी लिहिते मी. मी! कुकरच्या शिट्टीला दचकणारी! आमचे वरिष्ठ निकेश सर म्हणतातच, "प्रणाली, तुझ्या घाबरटपणाचा तर आम्ही पगार देतो." बोलतात असे की आभाळ गडगडल्यासारखं वाटतं.

सहा महिन्यांची कच्ची नोकरी आज संपत होती. कंपनीने परीक्षेसाठी पाठवलेलं ते चोरटं कार्ड जोडलं तरी मेमरीतलं गुपित त्याला वाचता येत नाही, एवढं दाखवायचं. जमलं तर नोकरी कायम, गावात राहून काम. नाही जमलं तर पेणला मितेशदादाच्या ट्रकच्या ऑफिसात, कुठल्या गाडीचा टायर किती झिजला ते लिहीत बसायचं. बाबांनी त्याच्याशी बोलूनसुद्धा ठेवलंय!

बरं, गुपित म्हणून काहीही ठेवलं तरी चालतं. लोक एक-दोन-तीन-चार ठेवतात. मला वाटलं, खरंच लपवावंसं वाटेल असं ठेवलं, तर आपण जिवापाड राखू... म्हणून ठेवलं मी एक वाक्य.

पावणेअकराला दारात मोरूकाका. बाबांचे चुलतभाऊ, पलीकडे आगरदांड्याला राहतात, फेरीबोटीने आले. त्यांच्यामागे चौकड्याच्या शर्टातला, खांद्याला बॅग लावलेला एक माणूस. आईने दोघांना बघितलं आणि तवाच चढवला. "या, या! बसा, घावनं टाकतेच!" तो माणूस ओटीवरून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात, हाताने पाणी घेतलंन, आणि आला की माझ्या टेबलापाशी! "इथेच बसता होय कामाला?" मी अशी दचकले की माउस खाली. मग त्याने बाबांकडे वायफायचा पासवर्ड मागितला आणि बाबांनी दिला! ओरडून! "आमच्या म्हशीचं नाव, पुढे एक दोन तीन!"

मी स्वयंपाकघरात धावले. "आई, कोण गं तो?"

"मला काय ठाऊक? भावजींबरोबर आलाय म्हणजे आपलाच."

"अगं, पण नाव तरी..."

"घरी आलेल्याला कुणी नाव विचारतं होय गं? काय म्हणेल तो!"

म्हणजे बघा! अहो, विचारायला काय जातं?

अकरा वाजले. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला, कॅमेरा लॅपटॉपच्या स्क्रीनकडे, फोनवर पुणेकर. लॅपटॉपला जोडायच्या जागा दोन, एकीत चार्जर, दुसरीत माझा डॉक. डॉक म्हणजे एक डबी असते, ती लॅपटॉपला जोडायची आणि तिच्या पाठीमागे मग काय वाटेल ते लावायचं. मी कार्ड लावलं डॉकच्या पाठीमागे. आता, ओटीवर ठेवा, मग आत न्या, या भानगडीत डॉक जरा अडखळायचा, म्हणून गेल्या आठवड्यात मी एक ओळ लिहिली होती, 'हा डॉक आपला, याला आत सोडा.' एकच ओळ हो!

"सर, बघा, कार्डाला एक अक्षर वाचता येणार नाही." बटण दाबलं. आणि स्क्रीनवर भराभर अक्षरं... निकेश सरांनी ती वाचली. मोठ्याने. सावकाश. त्याच आवाजात.

"'निकेश सरांचा फोन आला की मी देवापुढे दिवा लावून मगच उचलते.'"

कुणीतरी खोकल्याचं सोंग करत हसलं. "प्रणाली," सर म्हणाले, "हे कार्ड आत आलं कसं?"

मला काय माहीत कसं आलं! डोळ्यांपुढे पेण, टायर... आणि तेवढ्यात बाहेर मोरूकाका चपला घालत होते आणि आई म्हणत होती, "अहो भावजी, तुमचे पाहुणे आत खातायत अजून, त्यांना घेऊन जा की!"

"माझा पाव्हना? न्हाय गो! फेरीबोटीपासनं संगं चालत व्हता, मला वाटला तुमच्याकडंच कोन आलाय!"

"मग विचारलं नाहीत?"

"आता चालत्या मान्साला काय इचारायचा?"

आणि मी किंचाळले! भर मीटिंगमध्ये! "बरोबर आलाय म्हणजे आपलाच!"

"काय?"

"सर, डॉकला मी आपला म्हटलं, तर त्याच्या पाठून जे आलं त्यालाही कर्नलने आपलंच मानलं! सर, नाव कुणी विचारलंच नाही हो!"

ती ओळ खोडली. डॉक ओटीवर, आणि त्याच्या मागे जो कुणी असेल तोही ओटीवर! कर्नल नव्याने तयार केला, लॅपटॉप बंद करून चालू केला... बारा मिनिटं, बरणीतून नुसता लोणच्याचा वास. बटण दाबलं. एक अक्षर नाही! स्क्रीनभर पहारेकऱ्याचं एकच, अडवलं, अडवलं, अडवलं! मी खुर्चीवरून उडीच मारली!

"चूक आमच्यासमोर शोधलीस," सर म्हणाले, "माझ्याकडून तू कायम. आता फक्त घर-तपासणीचा अहवाल. घरून असलं काम करणाऱ्यांची जागा बघायला एजन्सीचा माणूस जातो. त्याने वाईट लिहिलं तर मग माझाही इलाज नाही. आज सकाळी यायचा होता. आला का?"

मी हळूच मान वळवली. चौकड्याचा शर्ट चौथं घावन संपवून हात पुसत होता. बॅगेतून फॉर्म काढलान. "सांगणारच होतो मॅडम. पण कुणी विचारलंच नाही."

वीज? आहे. टेबल? आहे. "'कामाच्या जागेपर्यंत अनोळखी, बाहेरची माणसं येतात का?'" पेन थांबलं. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतेय, त्याच्या फोनमध्ये आमच्या म्हशीचं नाव! "हे जरा अडचणीचं आहे, मॅडम. म्हणजे मी स्वतःच..."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, देवाशप्पथ उघडलं, तर आई उलथनं घेऊन बाहेर. "तुम्ही? अहो, तुम्ही कसले बाहेरचे!" आणि पाचवं घावन ताटात.

त्याने ताटाकडे बघितलं. विचार केला. आणि लिहिलं, 'नाही.'

खाली 'वरील माहिती खरी आहे' म्हणून माझी सही हवी होती. केली. काय करणार? झाले मी कायम. फॉर्मवर त्याचीही सही आहे, पण ती कुणाला वाचता येत नाही... त्याचं नाव आमच्या घरात अजून कुणालाच माहीत नाही.