मांडवात आलेला कमळाकर

नाय, पेढा नको — आदी मला सांगा, त्याला मारला कुणी? तुमीच ना? बसा, गुरुदत्त सर, बसा, उठताय कशाला — मागल्या साली याच ओट्यावर बसून, लग्नात गाते तो माझा धवला फोनात भरून घेतलात, तवा कुठं घाई होती तुमाला? गोदू धवलारीण, गोदू धवलारीण करत खारघरवरनं येत होतात. तुमी विचारलंत, लग्नात गाण्यातनं कुणाकुणाला बोलवता? सांगितलं ना मी! गणपतीला, गावदेवीला, खाडीतल्या चिंबोऱ्यांना, नि मग घरच्या मेल्या माणसांना — एकेकाचं नाव घेऊन. येतात का, म्हणून विचारलंत. येतात! माझी सासू येते, खांबाला टेकून बसते, विडा मागते. तुमचं डोळं कसं चकाकलं! मला तवाच कळाया पायजे होतं.

आता पुस्तक काढलंत, बक्षीस घेतलंत — पनवेलच्या हॉलमधी मलाच पुढल्या खुर्चीत बसवलंत, नि तो चष्मेवाला माइकवर काय बोलला? जादुई वास्तववाद! जादू? अवो, जादू जत्रेतला माणूस करतो, टोपीतनं कबुतर काढतो. घरची माणसं घरच्या लग्नाला येतात ती जादू? नि कव्हरवर काढलेला तो बाप्या — अंगातनं पाणी गळतंय, खिशातनं मासळी डोकावतेय. कुठला नवरा खिशात मासळी घालून घरी येतो, सांगा मला! घरात टोपली नाय?

जाऊ दे चित्र. मी काय बजावलं होतं तुमाला? एक नाव मी घेत नाय. नवऱ्याचं, कमळाकरचं. होडी घेऊन खाडीत गेला — होडी घावली, तो नाय घावला. मनस्वी पोटात होती. कुंकू नाय पुसलं मी, मेल्यांत त्याला कदी बोलवला नाय. नि तुमी? तुमी पुस्तकात सरळ मेल्यांच्या रांगेतनं मांडवात आणलात त्याला! भिजलेला येतो काय, पोरीच्या डोक्यावर हात ठेवतो काय! झालं — दिनानाथ भावजींनी वाचलं, म्हणाले, वयनी, परवा मनस्वीच्या हळदीला दादाचं नाव घ्या आता, किती दिवस असं चालायचं. मनस्वीनं वाचलं नि रडली, म्हणाली, आई, बोलव ना बाबाला. जिनं बापाचा आवाज ऐकला नाय ती!

काय म्हणालात? कल्पना? कल्पना तुमची नि माणूस माझा, होय ना? मग ऐका. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. दार लोटलं, पाट मांडला, नि गायले — त्याचं नाव घेऊन, पयल्यांदाच. सासू आली. सासरा आला. पाट रिकामाच. परत गायले, आवाज चढवून, शेजारीण डोकावून गेली एवढा. नाय आला. सर, माझ्या हाकेला आजवर एकही मेलं माणूस आल्याबगर राहिलं नाय. मग? मग तो मेलाच नाय ना! जिता हाय. कुठंतरी कुणाच्या हातचं जेवतोय, पान खातोय — जिता हाय नि पोरीच्या लग्नाला येत नाय. नि मी? मी एवढी वर्सं खाडीला शिव्या घातल्या. खाडीला, सर! तिनं काय केलं होतं माझं?

तुमचा बरा — मेला, पण आला. नाय, बोलू नका. ती बगा मनस्वी येतेय, तिच्यासमोर तोंड उघडलंत तर याद राखा. परवा मी त्याचं नाव घेणार. मेल्यांतच घेणार, गळा फाडून, सगळ्या गावादेखत — जिता असला तरी. उठा आता. चालते व्हा.