दादानं आणलेली दुर्बीण

दीपेश : म्हंजे? रायफलवर लावायची एवढी भारी दुर्बीण, आन् ती चालतच नाय?

कमळाकर सर : दहा मीटरच्या एअर रायफलला नियमच आहे तसा. मागं ही बारीक भोकाची चकती, पुढं कडं. भोकातून कडं बघायचं, कड्यात काळा ठिपका बसवायचा. मनस्वी दुर्बीण लावून गेली, तर उद्या शहापुरात तिला उभंसुद्धा करणार नाहीत.

दीपेश : तुमाला एक फोन करायला पायजे होता. आसनगाव स्टेशनला उतरलो तवा काय खूश होतो मी! भैनीला सरप्राइज म्हनं.

मनस्वी : दादा, तू नको वाईट वाटून घेऊ. मी उद्या जातच नाय.

दीपेश : येडी झालीस काय गो? जिल्ह्याची निवड हाय!

मनस्वी : पंधरा दिस झालं, छर्रे कुठंपन जातात. माझा हातच वाईट. सर रोज वरडतात, श्वास धर, श्वास धर. किती धरू? तिथं चारचौघांत हसं नाय करून घ्यायचं मला.

कमळाकर सर : ...दीपेश, दे ती दुर्बीण इकडं.

दीपेश : आता कशाला?

कमळाकर सर : नियम उद्या. आज ही भातगिरणी आपली आहे, रोजच्या सरावासारखी. मी ही रायफलवर चढवतो. ती कोंड्याची पोती सरकव, आणि नवा कागद लाव समोर. मनस्वी, ऊठ. नेहमीसारखी उभी राहा, आणि ह्यातून पाच मार.

(पाच छर्रे सुटतात.)

दीपेश : ठिपका तर कोराच हाय, सर. सगळे खाली कोपऱ्यात गेले.

मनस्वी : बघ. सांगितलं ना.

कमळाकर सर : दुर्बीण जुळवलेली नाही, ती लांबच मारणार. पण पाचही कुठं आहेत?

दीपेश : एकाच जागी. बोटाखाली झाकतात, सर!

कमळाकर सर : उभ्यानं मारलेत. म्हणजे हात पक्का, नळीही सरळ. उरली ती चकती. बघू... अरे देवा. हलतेय ही. स्क्रू ढिला आहे. मीच बसवली होती, पोरी. फौजेत बावीस वर्षं काढली, आणि पंधरा दिवस तुला बोलत राहिलो. स्क्रूला हात लावून बघितला नाही. चुकलो मी.

मनस्वी : असं नका बोलू, सर. तुमी नसता तर आपल्या शेनवे गावात मला रायफल कोनी दाखवली असती?

कमळाकर सर : धर. दुर्बीण काढली, चकतीचा स्क्रू घट्ट केला. मार तीन.

मनस्वी : ...वर गेलं. उजवीकडं.

कमळाकर सर : पण एकत्र. आता चकतीची वरची कळ खाली चार टिकटिक, बाजूची डावीकडं दोन. तूच फिरव. हां. मार.

दीपेश : मधोमध! सर, पुरे दहा गुन!

कमळाकर सर : शाबास! सकाळी सातला तयार राहा.

मनस्वी : राहते, सर.

दीपेश : मग ही दुर्बीण देऊन टाकतो परत. दुकानदार घेईल, अजून खोकंपन नाय फाटलं.

मनस्वी : नको रे दादा, ठेव. माझा हात वाईट नाय, ते हिच्यामुळं कळलं मला.